बुटांचा प्रसंग

प्रिय धाकटे,

पत्र पाहून दचकली असशील. दीड वर्षात माझा साधा फोन नाही आणि आता एकदम हाताने लिहिलेली चार पानं! घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. माझा डावा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण त्याचं मला कौतुक आहे, तो निदान रोज आठवण काढतो. बाबांच्या खोलीत आता मी माझं टेबल मांडलंय. ते गेल्यावर वर्षभर त्या दाराला हात लावायला मन धजत नव्हतं. आता खिडकीशी बसून निवांत वह्या तपासते.

शाळेची बातमी तुला माझ्याआधी कळली असणार. आमच्या अभ्यासातल्या नाटकावर तू बनवलेल्या खेळाचे तीस हेडसेट मुख्याध्यापकांनी घेतले आणि माझ्या आठवड्याच्या पाच तासांपैकी तीन तास त्या खेळाला देऊन टाकले. पोरं खुर्च्यांवर बसतात, डोळ्यांवर ते यंत्र चढवतात आणि हवेत हात फिरवत न्यायाधीशाच्या दरबारात हिंडतात. तास संपला की मी स्पिरिटचा बोळा घेऊन तीस कपाळांचा घाम पुसते आणि सगळी यंत्रं चार्जिंगला लावते. अठ्ठावीस वर्षं ते नाटक शिकवून मला हे काम मिळालं. मुख्याध्यापक वर म्हणाले, बाई, बरं झालं, तुमचा घसा वाचला. मी हसले. दात दाखवणं आणि हसणं यातला फरक त्यांना कळत नाही.

खोटं कशाला बोलू, खेळ चांगला झालाय. खोड काढायची म्हणूनच पहिल्या दिवशी मी एक हेडसेट डोक्यावर चढवला आणि न्यायाधीश स्वतःच्या मुलाला हद्दपारीची शिक्षा वाचून दाखवत होता तिथे खिळून राहिले. त्या दरबारातली शांतता मला वर्गात कधी आणता आली नव्हती. खडू आपटून आणि डोळे वटारून आणलेली शांतता वेगळी. आमच्या वर्गातला सगळ्यात आडदांड पोरगा यंत्र काढून बाहीने डोळे पुसत होता. माझा जळफळाट झाला. असूया वाटली, अगदी पोटातून.

मग तो प्रसंग आला. हद्दपार झालेला मुलगा भर दुपारी अनवाणी घरी परततो. दार त्याची बहीण उघडते. ती त्याचे बूट आणून देते, नाडी तुटलेली असते ती स्वतःच्या रिबिनीने बांधते आणि आतून न्यायाधीश बाप विचारतो कोण आहे, तर म्हणते, कोणी नाही. मी यंत्र काढलं आणि बाकावर बसून राहिले. पोरांना वाटलं बाईंना चक्कर आली.

माझी खोड तुला ठाऊक आहे. दरवर्षी नाटकाचा सारांश उतरवून देताना मी त्यात एक प्रसंग पदरचा घालते. ज्याने मूळ पुस्तक वाचलं असेल तो पकडतो, आणि जो पकडेल त्याला महिनाभर गृहपाठ माफ. नववीत तू माझ्याच वर्गात होतीस. त्या वर्षी मी नाटकात एक बोलका पोपट घातला होता. त्या पोपटाच्या स्वभावावर तू दीड पान लिहिलंस! वर्ग आठवडाभर तुला मिठू म्हणत होता आणि तू घरी येऊन माझ्या नावाने शंख केलास. इतकं झाल्यावर तरी शहाणी होशील, असं मला वाटलं होतं.

बुटांचा प्रसंग मी बाबा गेले त्या वर्षी लिहिला. ते असेपर्यंत हिंमत नव्हती. सतराव्या वर्षी तू भांडून घर सोडलंस आणि दोन तासांनी बुटांसाठी परत आलीस, तेव्हा बाबा आत जेवत होते. तुटलेली नाडी मी तुझ्या पायाशी बसून बांधली. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाहीस, तुला गाडी पकडायची होती. पुढे बाबांना कळलं तेव्हा त्यांनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला. मग त्यांचं आजारपण, त्यांची पथ्यं, त्यांचा राग हे सगळं माझ्या वाट्याला आलं आणि तुझ्या वाट्याला मोकळं जग. त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही. फक्त एकदा, एका वहीत, तो प्रसंग लिहिला. त्या वर्षी अकरा मुलांनी तो पकडला आणि पानाखाली तारखेसह सह्या केल्या. ती मुलं आता शाळा सोडून गेली.

त्यानंतरच्या सुट्टीत तू बाबांची कागदपत्रं आवरायला दोन दिवस आलीस. माझी वही टेबलावर होती. तू मोबाइलने पानामागून पान टिपत होतीस. म्हणालीस, ताई, फक्त संदर्भासाठी गं. मीच तुला चहा करून दिला. मग खेळ आला. पाट्यांवर तुझं नाव, मुलाखतींत तुझा चेहरा, आणि माझा उल्लेख औषधालाही नाही. हे नाटक मी लहानपणापासून दहा वेळा वाचलंय, असं तू सांगत होतीस. अगं, त्या नाटकात न्यायाधीशाला मुलगीच नाही! पात्रांची यादी पहिल्याच पानावर छापलेली आहे. तू पहिलं पानसुद्धा उघडलं नाहीस. आणि मला सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. सगळ्या खेळात लोकांना तोच प्रसंग आवडतो, त्या बहिणीच्या चित्राचे बिल्ले पोरं दप्तराला लावतात, आणि तुला त्यात तू दिसली नाहीस, मीही दिसले नाही.

तेव्हाच मी फोन केला असता तर तू तो भाग गुपचूप काढून टाकला असतास. मी केला नाही. घडा भरू दिला. खेळ दोनशे शाळांत गेला, प्रत्येक नव्या शाळेची बातमी मी कात्रीने कापून ठेवली आणि त्या संध्याकाळी मला जेवण गोड लागलं. एवढी दुष्ट मी असेन असं मलाही वाटलं नव्हतं.

पण त्यात माझ्या वर्गातली एक मुलगी भरडली गेली. सतत प्रश्न टोचत राहते म्हणून तिला सगळे टाचणी म्हणतात. सहामाहीचा पेपर तुझ्या कंपनीचाच, तपासणारंही तिचंच यंत्र. आठ गुणांचा प्रश्न होता, बहिणीच्या वागण्याचे समर्थन करा. टाचणीने ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचलं होतं. तिने लिहिलं, या नाटकात बहीण नाही, कृपया पात्रांची यादी पाहावी. यंत्राने तिला शून्य दिलं. आणि मी, वर्गात तिच्याशिवाय हे जाणणारी एकटी, त्या गुणपत्रिकेवर सही करून मोकळी झाले, कारण तुझा घडा अजून भरायचा होता. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, बाई, तुम्ही तरी सांगा ना. मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि तिला जागेवर जायला सांगितलं. तुझ्यावरच्या रागाची किंमत त्या पोरीने दिली, आणि हे तुझं नाही, माझं पाप आहे. तिच्या आईने शिक्षण मंडळाकडे तक्रार केली ती मात्र माझ्या सांगण्यावरून. अर्जाचा मसुदाही माझाच.

आज सकाळी, दीड वर्षानंतर, तुझा पहिला निरोप आला. कशी आहेस नाही, काही नाही. ताई, बुटांचा प्रसंग मूळ नाटकात कितव्या पानावर आहे? गुरुवारी मंडळासमोर दाखवायचाय, लगेच कळव ना गं. मी तो निरोप तीनदा वाचला आणि फोन उपडा ठेवून हे पत्र लिहायला बसले. गुरुवारी मलाही बोलावलंय, टाचणीची वर्गशिक्षिका म्हणून. मूळ पुस्तक आणि अकरा सह्यांची ती वही मी पिशवीत भरून ठेवली आहे, आणि मंडळाने विचारलं तर गुणपत्रिकेवरच्या माझ्या सहीबद्दलही सगळं सांगणार आहे. तोवर तू स्वतः पुस्तक उघडून पाहिलंस तर सुटशील, पण मी तुला ओळखते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की तो प्रसंग कोणत्याच पानावर नाही. विचारलंस म्हणून कळवते आहे, बहिणीने विचारावं आणि मी गप्प बसावं हे बरं दिसत नाही. पत्र साध्या टपालाने टाकते आहे. आज सोमवार, म्हणजे तुला ते शनिवारी मिळेल.

तुझीच, अजूनही,
ताई