दादाचं पित्त

मंगळवार, संध्याकाळ

दादाला दवाखान्यात न्यायला आज हातकणंगल्याला गेलते. आई जठराच्या कर्करोगानं गेली, म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना पोटाची दुर्बिणीनं तपासणी करायला सांगितलंय. माझ्या तपासणीत जठराच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जंतू सापडला, गोळ्यांनी गेला. दादा मात्र ऐकतच नाही. पँट ढिली होते म्हणून कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंय त्यानं. किती वाळलाय!

"पित्त हाय गं, दुसरं काय न्हाय," म्हणत तंबाखू मळत बसला.

"आईबी हेच म्हणायची की!"

मग हळूच म्हणाला, "आणि तपासल्यावर निघालं तर?"

लवकर कळलं तर उपचार होतात, एवढंच बोलले. पट्ट्याचं ते भोक अजून डोळ्यांपुढनं हलत नाही. मोठ्या भावाला ओढून कसं न्यायचं? वहिनीनं जेवायला वाढलं. दोन घासांवर तो उठला. दवाखान्यात काही आला नाही, मी एकटीच परत आले.