शेजाऱ्यांशी वाद आहे का?

ट्रेडेगर, सोमवार

प्रिय वकीलसाहेब,

तुमचं तिसरं स्मरणपत्र मिळालं. माझ्या घरासाठी आलेली ऑफर मी स्वीकारल्याला दहा आठवडे झाले. घराची तपासणी झाली, नगरपालिकेचे दाखलेही आले. आता फक्त खरेदीदाराशी करारांची अदलाबदल राहिलीय. एकदा ती झाली की माघार नाही, हे तुम्हीच सांगितलंत. आणि विक्रीच्या फॉर्मवरच्या माझ्या एका उत्तराची लेखी खात्री तुम्ही मागताय, त्यापायी तीच अडलीय.

"शेजाऱ्यांशी वाद आहे का?" या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं, ते खोटं होतं. शेजारच्या इडवलशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते. त्याने मला न विचारता मधलं हिरवं कुंपण पार कमरेपर्यंत छाटलं, आणि मी त्याला नोटीस धाडली.

काल मात्र तव्यावरचे छोटे वेल्श केक करून त्याच्या दारात गेले. म्हटलं, "भांडण मिटलं असं दोन ओळींत लिहून दे. माझं घर विकायचं अडलंय."

त्याने उभ्याउभ्याच एक केक खाल्ला. "मनुका कमी पडल्यात," म्हणाला. "आणि लिहून वगैरे काही मिळणार नाही."

"नऊ वर्षं झाली रे! अजून राग?"

"राग कसला? मिटलं म्हणून लिहून दिलं, तर तू जाशील ना, नेरिस."

साहेब, मी तशीच घरी आले. हे पत्रही आज टपालपेटीत टाकत नाही. चार वाजता पुन्हा जायचंय, या खेपेला दुप्पट मनुका घालून.

आपली,
नेरिस प्रॉथेरो
घर नंबर सात (अजून तरी)