छत फोडून गेलेला माड

निमोणे, मंगळवार, १२ जानेवारी १९९९

जावईबापूंनी अंदमानातून कॅसेट आणली. थोरला भाऊ जपानच्या लढाईत ज्या बेटावर गेला आणि परतलाच नाही, तिथल्या मोडक्या बंकरांचं शूटिंग त्यांनी स्वतः केलंय. वहिनीला दाखवावं की नाही, दिवसभर जीव खालीवर. संध्याकाळी दाखवलं.

शेवाळलेल्या भिंती, आत गुडघाभर पाणी आणि छत फोडून वर गेलेला माड. वहिनी टीव्हीला नाक लावून बसली. "मागं घ्या बापू." पुन्हा तोच माड. "पुन्हा घ्या."

"मामी, कॅसेट झिजंल!" बापू म्हणाले.

"झिजू द्या. माणूस दिसतंय का बघतीया."

भाऊ गेल्याचं कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही. म्हणून गेलेल्यांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात आहेत, त्यात त्याचा टाक वहिनीने कधी बसवू दिला नाही. बसवू या म्हणून मीच वर्षानुवर्षं मागं लागलो होतो.

टीव्ही बंद झाल्यावर ती म्हणाली, "केवढा माड झालाय वो त्यो! इतकी वर्सं तिथं कोण बसंल, भावजी? शिरूरच्या सोनाराला सांगा, टाक करा त्यांचा."

मला बरं वाटायला हवं होतं ना? आणि मी काय बोललो, तर घाई कशाला, बापू अजून बेटाच्या दुसऱ्या बाजूचं शूटिंग आणतील.

वहिनी उठली. तिने देव्हाऱ्यातले टाक थोडे सरकवले आणि जागा केली.

तो माड डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या शिरूरला जायचं आहे. पाय निघतील का?