भगवंतच्या नावाची पाटी

देवास,
१४ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप दादांना सुनेत्राचा नमस्कार.

धारहून तुम्ही पाठवलेलं पत्र परवा मिळालं. इथे थंडी सुरू झाली आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाकी बरं आहे. माझे सहामाहीचे पेपर तपासून व्हायचेत. भाऊबीजेला ताप आल्याचं कळवलं होतं. ताप नव्हता, दादा. मला यायचं नव्हतं.

उदयनगरच्या पुढे डोंगरावर तुमच्या साहस-मंडळाची पक्की छावणी होते आहे, हे वाचलं. आता बाराही महिने शिबिरं होतील, आणि उद्घाटनाला फीत मी कापावी अशी तुमची इच्छा आहे. जागा छानच आहे. पहिल्या हिवाळी शिबिरात सकाळी तंबूवर दंव गोठलं होतं, ते भगवंतने खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं होतं. फाल्गुनात पळस फुलला की रविवारी कारखान्याची सुट्टी साधून आम्ही दोघंच बसने जायचो. मी आयुष्यात सुखी होते ती तिथेच.

छावणीला त्याचं नाव देणार, आणि पाटीवर लिहिणार, ‘साहसाच्या ओढीने ज्याने प्राण दिले’.

काल सासूबाई म्हणाल्या, दादांचं पत्र वाचून दाखव. मी या ओळीपर्यंत आले आणि पुढे वाचता येईना. त्या म्हणाल्या, "खरंच आहे ते. आईचा विचार केला असता तर पुरात उतरला नसता." चार वर्षं त्या हेच म्हणतात. त्याचा फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिलेला नाही.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण आपण दोघं ते कधी बोललो नाही.

ऑगस्टच्या त्या शिबिरात भगवंतला दोन दिवस ताप होता. नाला दुथडी भरून वाहत होता. तुमच्या खात्याचे इंदूरचे साहेब अकराला पलीकडच्या काठावर येणार होते आणि झेंडावंदन तिकडे ठरलं होतं. वाट दाखवायला आलेल्या गणोजीने तुम्हाला सांगितलं, "भियाजी, दोपहर तक पानी उतर जाएगा, रुक जाओ." मी चुलीपाशी होते, मला स्वच्छ ऐकू आलं. तरी तुम्ही म्हणालात, "भगवंता, तू पोहणारा आहेस. पलीकडे दोर बांधून ये." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तुमच्यासमोर मी कधीच बोलत नसे. तो उतरला. दोन दिवसांनी तो खाली बाभळीच्या मुळांत अडकलेला सापडला.

तेराव्यानंतर तुम्ही माझ्या जबाबाचा कागद लिहून आणलात. ‘मनाई असताना स्वतःच्या हौसेने पाण्यात उतरला.’ म्हणालात, गेलेला माणूस परत येत नाही, पण मंडळ बुडेल, माझी नोकरी जाईल, मग तुझ्यामागे कोण उभं राहील? मी सही केली. तुम्ही मागे उभे राहिलात, हेही खरं. शाळेतली नोकरी तुमच्याच शब्दाने लागली. त्या नोकरीचा घास घेताना मला काय वाटतं ते तुम्ही कधी विचारलं नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "त्या कागदावर तुझी सही आहे?"

मी हो म्हणाले.

आज सकाळी त्यांनी स्वतःपुरताच चहा केला. फोटो पेटीतून काढून पुसला आणि मांडीवर घेऊन बसल्या. मला हात लावू दिला नाही. दुपारी सामान बांधलं. उद्या त्या उज्जैनला लेकीकडे जाणार आहेत. थांबा म्हणायला मला तोंड नाही.

संध्याकाळी मी मंडळाच्या चिटणीसांकडे, जगदेवरावांकडे गेले. झालं ते जसंच्या तसं लिहून दिलं, त्या खोट्या कागदावरच्या माझ्या सहीसकट. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, वहिनी, दादांना एकदा विचारून घेतलं असतं. मी म्हटलं, मागच्या वेळी त्यांच्याच विचाराने सही केली होती. नक्कल सोबत जोडली आहे. नोकरीचं काय होईल, तुमच्या आणि माझ्याही, ते मला माहीत नाही.

फीत कापायला दुसरं कुणी बघा. पाटी लावायचीच असेल तर नुसतं नाव आणि तारीख लिहा.

या पत्राचं उत्तर पाठवू नका. आलं तरी मी ते उघडणार नाही.

भगवंतची बायको,
सुनेत्रा