माडीवर किती वेग सोडावा

कुंभकोणम्, फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप राजगोपालमामांच्या चरणी सेतूचा साष्टांग दंडवत. तुमचा गुडघा आणि मामींचा दमा दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. अप्पा आता सुखरूप आहेत, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्ही घाबरणार नाही. (मी लिहितानाही घाबरतो आहे.)

तुमच्या जानकीरामाने दिवाळीत येऊन आमच्या एका टेलिफोनवर दोन कॉम्प्युटर जोडून दिले, खाली माझा, माडीवर थोरल्या अण्णाचा. इंटरनेटचा वेग दोघांना निम्मा निम्मा. पण मोडेम माझ्याकडे, म्हणून वाटणीही माझ्या हातात. अण्णा दिवसभर क्रिकेटचा स्कोर बघतो, म्हणून मी त्याचा वेग पाव केला. त्याने माझ्याशी बोलणेच टाकले. (एका पंगतीत जेवतो, पण सांबार हवे तरी कृष्णवेणीवहिनीच्या मार्फत!)

अशात गेल्या मंगळवारी अप्पांच्या छातीत कळ आली. इथल्या डॉक्टरांनी हृदयाचे चित्र काढून फ्लॉपीवर दिले. मद्रासच्या मोठ्या डॉक्टरांना ताबडतोब पाठवा, ऑपरेशन करायचे की नाही ते त्यांनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणाले. मी धावत घरी आलो. फाइल जाता जाईना. बघतो तर माडीवरून वेग ओढला जातोय! बाप तिकडे तसा पडलेला आणि याला स्कोर सुचतो? रागाने मी अण्णाचा वेग जवळजवळ बंदच केला. माझी फाइल सुटली, संपत आली, तोच खट्! लाइन तुटली. नेट अडकले म्हणून एक्सचेंजला विचारायला अण्णाने माडीवरचा जोडफोन उचलला होता. मी पुन्हा लावले, त्याने पुन्हा उचलला. ओरडत जिना चढलो, तर तो ओरडत उतरत होता.

"अण्णा, अप्पांचे चित्र पाठवतोय मी!"

"मग मी काय करतोय, मूर्खा?" त्याच्या हातात दुसरी फ्लॉपी.

(डॉक्टरांकडून त्यानेही एक मागून घेतली होती. मला कोण सांगणार?)

मग अण्णा फोनवर पहारा देत बसला, मी सगळा वेग एका फाइलला दिला, आणि ती गेली. उत्तर ईमेलने येईल म्हणून दोघे पडद्याकडे डोळे लावून बसलो. काहीच येईना. अण्णा रडायला लागला, मग मीही. इतक्यात शेजारची शिवकामी कुंपणावरून ओरडली, "अहो, तुमचा फोन केव्हाचा बिझी आहे! मद्रासचे डॉक्टर माझ्या फोनवर बोलले. ऑपरेशन नको, इंजेक्शन पुरे!" (तिचा नंबर वहिनींनी दवाखान्यात लिहून ठेवला होता म्हणून वाचलो.)

अप्पा परवा घरी आले. बरे वाटले की त्यांना तिरुवलंचुळीच्या गणपतीला नेणार आहोत, दोघे मिळून.

आपला भाचा,
सेतू

ता. क. अण्णा आता बोलतो. फार बोलतो.

ता. क. खरे काम राहिलेच. माझी बायको कामाक्षी आणि वहिनी, दोघींनी वाटणीचा पासवर्ड बदललाय. आम्हा भावांना मिळून इतकाच वेग सोडतात की एक पान उघडेपर्यंत कॉफी निवते. जानकीरामाला विचारून काही युक्ती कळवा. पत्र घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर टाका.

ता. क. मामा, हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिले होते. युक्ती कळवू नका. गुडघ्याला तेल लावत जा. कृष्णवेणी.