नऊ सेकंदांचा ठराव

तीर्थरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कितपत वाकतो, मामींचा खोकला गेला का, आणि डॉक्टरांनी तुम्हाला गाडी चालवायची परवानगी दिली की तुम्ही ती न विचारताच घेतलीत, हे सविस्तर कळवावं. इकडे आई ठणठणीत आहे. बेटावरची हवा चांगली आहे. बाकी काहीही चांगलं नाही. हे पत्र मी दोनदा लिहून दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिताना राग तेवढाच आहे, फक्त अक्षर सुधारलं आहे.

तुम्हाला माहीतच आहे की आपल्या टेकडीच्या शर्यतीला यंदा चाळीस वर्षं होतात. त्यानिमित्त समितीने शर्यतीचा इतिहास छापायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात घातलं. कारण एकच, पहिल्या वर्षापासून दीपगृहाशी, शेवटच्या रेषेवर, घड्याळ घेऊन उभा राहिलेला माणूस मीच. (दुसरा घड्याळवाला, म्हणजे धक्क्यावर सुरुवातीच्या रेषेपाशी उभा राहणारा पोस्टमास्तर, आता कोणालाच ओळखत नाही. पण किती वाजले विचारलं तर अजून सेकंदासकट सांगतो.) चार महिने मी दुसरं काही केलं नाही. जुन्या वह्या काढल्या, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसलो, पाणचट चहा प्यायलो आणि एकूण एक गोष्ट लिहून काढली. बेकरीची गाडी आणि दवाखान्याची गाडी एकाच अरुंद वळणावर समोरासमोर आल्या आणि मागे कोणी जायचं यावरून जो वाद झाला, त्यातून शर्यत कशी जन्मली, ते लिहिलं. तिसऱ्या वर्षी गॅरेजवाल्याची खटारा गाडी पुढच्या गिअरमध्ये चढेना, म्हणून तो सबंध टेकडी उलटी चढून आला आणि गाडीचं नाक रेषेला लागलं तेव्हा वेळ धरायची की शेपूट लागली तेव्हा, यावर समिती तीन दिवस बसली होती, तेही लिहिलं. (शेवटी नाकाची वेळ धरली. गॅरेजवाला अजून शेपटीचीच मागतो.)

आणि सहावं वर्ष तर मी चार पानं लिहिलं, मामा. चार मिनिटं अकरा सेकंद! साडेचार किलोमीटर, एकोणीस वळणं, आणि शेवटच्या वळणावर तुमच्या गाडीचा दरवाजा उघडून लोंबत होता तरी तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला नाहीत. ती पितळी पाटी दीपगृहाच्या भिंतीवर चौतीस वर्षं आहे. बारा वर्षांपूर्वी वेळ मोजणारं किरणांचं यंत्र आलं, नव्या गाड्या आल्या, चाकं रुंद झाली, रस्ता गुळगुळीत झाला, तरी तुमची वेळ कोणी मोडली नाही. लोक म्हणायचे, तेव्हाचे चालवणारेच वेगळे. मीही म्हणायचो. तेच वाक्य मी पुस्तकात ठळक अक्षरांत टाकलं.

आता खरी गोष्ट ऐका. मुद्रितं तपासायला समितीने शाळेतल्या विज्ञानाच्या बाई नेमल्या. बाई नवीन, वय कोवळं, चष्मा जाड. आमची वेळ घ्यायची पद्धत किती काटेकोर होती हे दाखवण्यासाठी मी मोठ्या अभिमानाने एक परिच्छेद लिहिला होता. खालचा घड्याळवाला गाडी सुटल्याची वेळ लिहायचा, वरचा पोचल्याची, आणि संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वजाबाकी व्हायची. दोन्ही घड्याळांत सेकंदाचा फरक पडू नये म्हणून शर्यतीच्या दिवशी सकाळी फेरीबोटीचा आठचा भोंगा झाला की त्याने खाली आणि मी वर, त्याच क्षणी काटा आठावर आणून सोडायचा. बाईंनी त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘भोंगा वर कधी ऐकू यायचा?’

मी उत्तर लिहिलं, ‘आठ वाजता.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात. म्हणाल्या, “काका, जरा दीपगृहापर्यंत येता?” गेलो. त्यांनी धक्क्यावरच्या तिकीटवाल्याला फोन लावला, फोन माझ्या कानाला धरला. भोंगा झाला. फोनमधून स्वच्छ ऐकू आला. मी म्हटलं, झालं समाधान? तर बाई बोट वर करून नुसत्या उभ्या. सात, आठ, नऊ. आणि मग मामा, तोच भोंगा समुद्रावरून, टेकडीवरून, रमतगमत माझ्या दुसऱ्या कानात आला.

मी म्हटलं वारा असेल. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. मी म्हटलं फोनमध्ये गडबड असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिकीटवाल्याला भोंग्याबरोबर पांढरा टॉवेल हलवायला लावला आणि माझ्या हातात दुर्बीण दिली. टॉवेल हलला. आवाज नऊ सेकंदांनी आला. बाई अगदी हळू म्हणाल्या, “तुमचं घड्याळ नऊ सेकंद मागे असायचं, काका. म्हणजे गाडी पोचायची त्याच्या नऊ सेकंद आधीची वेळ तुम्ही लिहायचात.”

अठ्ठावीस वर्षं मी ते घड्याळ उशीजवळ घेऊन झोपलो. आणि ही कालची पोरगी मला सांगते की मी ध्वनीची वाट बघत होतो!

परवा समिती बसली. बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर, आम्ही पाच जण. ठराव असा की यंत्र येण्यापूर्वीच्या सगळ्या वेळांत नऊ सेकंद मिळवावेत, नवी यादी पुस्तकात छापावी आणि येत्या रविवारी दीपगृहावरची तुमची पाटी उतरवावी. म्हणजे तुमचे झाले चार मिनिटं वीस, आणि गेल्या वर्षीच्या चार मिनिटं चौदाला पहिला नंबर! मी उभाच राहिलो. म्हटलं, भोंगा उशिरा पोचला त्यात चालवणाऱ्याचा काय दोष? बेकरीवाले (हेच अध्यक्ष) म्हणाले, “दोष कोणाचाच नाही हो, पण टेकडी तेवढीच राहिली ना?” मी म्हटलं, चौतीस वर्षं लोक त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढतात. गॅरेजवाला म्हणाला, “लोक सावलीसाठी उभे राहतात.” हा माणूस, मामा, ज्याला उलट्या गाडीचं बक्षीस मिळावं म्हणून मी तीन दिवस भांडलो! वर म्हणतो, “नऊ सेकंद माझ्यातही मिळवा, पण शेपटीच्या वेळेत मिळवा.” मी टेबलावर हात आपटला. मैदा उडाला. दहा मिनिटं सगळे शिंकत होते, त्यामुळे माझ्या भाषणातला सर्वांत चांगला भाग कोणी ऐकलाच नाही.

ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला.

घरी येऊन सगळं सांगितलं, तर तुमच्या सूनबाई भाजी चिरता चिरता म्हणतात, “तुम्ही मामांसाठी भांडताय की घड्याळासाठी?” जेवलो नाही. (नंतर जेवलो.) मामा, ही कुठली रीत? माणूस आपला समुद्रापलीकडे गुडघा शेकत बसला आहे, आणि इकडे त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली चार मिनिटं पेन्सिलीने लांबवली जातात. मी इतिहासाच्या पुस्तकावरून माझं नाव काढून घ्यायची धमकी दिली आहे. कोणी घाबरलं नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

तुमचा भाचा,
वरचा घड्याळवाला

ता. क. गेल्या वर्षीचे ते चार मिनिटं चौदा कोणाचे, हे वर लिहायचं राहून गेलं. ते तुमच्या नातीचे. म्हणजे आमच्या थोरलीचे. ती शर्यतीत उतरली हे आईने तुम्हाला कळवू दिलं नाही, कारण तुम्ही जुनं हेल्मेट घेऊन पुढच्याच बोटीने आला असतात.

ता. क. दुसरा. ठरावाला विरोध करणारे दोघे कोण, तेही सांगून टाकतो. एक पोस्टमास्तरांचा मुलगा. दुसरी समितीची सगळ्यांत धाकटी सभासद, म्हणजे तीच. मतं दोन-दोन झाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, “बाबा, मामाआजोबांची पाटी काढून मला लावणार असाल तर मला नको.” मी हात वर केला. तुमच्यासाठी भांडून घसा बसला होता, मामा, पण हात वर गेला. नऊ सेकंद तिने चोरले नव्हते आणि तुम्हीही चोरले नव्हते. ते माझे होते.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. ती तुमच्या पाटीला कोणाला हात लावू देत नाही, आणि नवी पाटी घेतही नाही. माझ्याशी दोन दिवस बोलत नाही. तुम्ही रविवारी या आणि तुमच्या हातांनी ती उतरवा. गुडघ्याचं कारण सांगू नका, गॅरेजवाला तुम्हाला वरपर्यंत सोडेल. (सरळ सोडेल, शब्द घेतला आहे.) अगदीच जमत नसेल तर निदान फोन करून तिला चांगलं खडसावा, तुमचंच ती ऐकते. नाहीतर पाटी तुमचीही राहणार नाही आणि तिचीही लागणार नाही, भिंतीला नुसती चार भोकं राहतील. आणि ती बुजवायचं काम समितीने एकमताने माझ्याकडे दिलं आहे.