रोझाचं नाव कितव्या ओळीत

२ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला कामाला बसले. जपानात तेव्हा नऊ वाजलेले असतात, अग्रलेख येऊन पडलेले असतात. आज चारही जपानी पेपरांचा एकच विषय: अमेरिका उत्तर कोरियाशी बोलायला निघालीय. आपला दोस्त आपल्या वैऱ्याकडे जेवायला चाललाय म्हटल्यावर घरातल्यांचं जे होतं तेच जपानचं. उघड बोलता येत नाही, गप्प बसवत नाही. भीती दोन. दोस्त स्वतःपुरतं बघेल, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं थांबवील, आपल्या डोक्यावरची राहू देईल. आणि उ. को.ने पूर्वी पळवून नेलेली जपानी माणसं, त्यांचा मुद्दा यादीत शेवटी जाईल. चौघांनाही शेरा दिला, ‘साशंक’. सातच्या आत सारांश मुंबईच्या ऑफिसात कामत सरांकडे, ते तपासून ग्राहकाला पाठवतात.

दुपारी आईला घेऊन सांडोरला. आज मृतांचा दिवस, बहिणीच्या, सिल्वीच्या कबरीवर मेणबत्ती लावली. तिच्या सासरचे सकाळीच येऊन गेले होते, शेवंती ताजी होती. म्हणजे सिल्वीची मुलगी रोझाही आली असेल. आईने त्यातलं एक फूल उचलून हातात धरलं ते रिक्षात बसेपर्यंत.

सिल्वीला जाऊन सहा वर्षं. रोझा तेव्हा दोन वर्षांची. दफनाच्या दिवशी दादाने भर अंगणात तिच्या नवऱ्याला, आग्नेलला सुनावलं की वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर माझी बहीण वाचली असती. खरं होतं का ते, मला आजही माहीत नाही. तेव्हापासून त्यांचं दार आम्हाला बंद. फोन घेत नाहीत, नाताळचे कपडे पाठवले ते परत आले. आमच्या नंदाखालहून त्यांचं सांडोर, रिक्षाने अर्धा तास.

५ नोव्हेंबर

दादाच्या मुलीचं, ग्रेटाचं लग्न जानेवारीत. नवऱ्या मुलाची आई आग्नेलची चुलतबहीण निघाली. तिचा निरोप आला, सांडोरची मंडळी मांडवात नसली तर चार लोक विचारतील. झालं. सहा वर्षं ज्याचं नाव काढलं की दादा ताटावरून उठायचा, त्याचा रुसवा काढायला रविवारी निघालेत साहेब. लग्नाआधी रुसलेल्यांच्या दारी जायचं, ही आपली रीत. पावलूमामांना बरोबर नेणार. ते जुने जाणते, त्यांचा शब्द दोन्हीकडे चालतो.

मी म्हटलं, “जा. पण पहिलं रोझाचं विचार.”

“बघतो.”

“बघतो नाही दादा, पहिलं.”

“अगो, बघतो म्हटलं ना!”

८ नोव्हेंबर

दादाला चिठ्ठी लिहून दिली, तीनच मुद्दे. १. रोझा लग्नाला यावी. २. नाताळात एक दिवस आईकडे. ३. मग तुझं आमंत्रण वगैरे. तो हसला. “तुझी ही जपानी सवय.” खिशात घातली मात्र.

आई फ्रॉकचं कापड घेऊन बसलीय. आठ वर्षांची पोर केवढी असते? शेजारच्या मुलीला बोलावून दाराला पाठ लावून उभी केली, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मापलं. “सिल्वी उंच होती, दोन बोटं जास्त धरते,” म्हणाली. मी आत जाऊन उगाच भांडी आवरली.

९ नोव्हेंबर

दादा चारला आला, चेहरा फुललेला. आग्नेलने मिठी मारली म्हणे. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, सगळं साग्रसंगीत. येणार आहेत लग्नाला.

“रोझा?”

तो चपला नीट लावत बसला. मग म्हणाला, “शाळेतून आली, नमस्कार करून आत गेली.”

“रविवारी शाळा?”

“धर्मशिक्षणाच्या वर्गातून गं.”

“तू विचारलंस का?”

मग निघालं सगळं. पावलूमामांनी बसल्या बसल्या आधी कबूल करून घेतलं, ‘आता मागचं कोणी काढायचं नाही.’ समेटाला बसलं की असंच असतं, मलाही माहीत होतं. मी चिठ्ठी लिहिताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. रोझा आठ वर्षांची, आणि ती ‘मागचं’.

मी नको ते बोलले. म्हटलं, सिल्वीला विकून आलास. तोही चिडला. “मला नकोय ती पोर? पण माझ्या ग्रेटाचं मोडलं तर तू येशील निस्तरायला?” आई मधल्या खोलीत शिलाई मशीनवर होती. मशीन थांबलं.

त्याचं चूक आहे असं म्हणता येत नाही, हेच जास्त लागतं.

१२ नोव्हेंबर

कामत सरांचा फोन, साडेसातला. कधी करत नाहीत.

“मॅडम, तिसऱ्या पेपरातलं शेवटचं वाक्य मूळ लेखात सापडत नाही मला.”

मी उघडून पाहिलं. मी लिहिलं होतं, ‘ज्यांचं माणूस पलीकडे अडकलं आहे, त्यांना न विचारता केलेला समेट हा समेट नव्हे.’ मूळ लेखात तसं काहीच नाही. तिथे फक्त एवढंच की दोन्ही देशांनी निकट संपर्क ठेवावा आणि कुटुंबांची वयं झाली आहेत हे विसरू नये. चौदा वर्षं हे काम करतेय, आपल्या पदरचं एक अक्षर कधी घातलं नाही. आणि घातलं ते कळलंसुद्धा नाही.

माफी मागितली. सर म्हणाले, “मी काढून टाकलंय, ग्राहकाकडे गेलं नव्हतं. घरी सगळं ठीक?”

“हो सर.”

फोन ठेवल्यावर पोटभर रडले. वाडीत केळींना पाणी सुरू होतं, पंपाचा आवाज होता म्हणून बरं.

२१ नोव्हेंबर

दादाशी बोलणं नाही. वहिनीच्या हातून डबे येतात-जातात.

चार पेपरांत आज दोघांचा सूर मवाळ. बोलणी होत असतील तर होऊ द्यात, दार उघडलं तर आपलाही पाय आत जाईल. शेरा बदलून ‘सावध समर्थन’ केला. हात चालेना, पण जे लिहिलंय तेच लिहायचं.

३० नोव्हेंबर

चर्चमधून, मिसाहून दादा थेट आमच्याकडे. बसला नाही. पुन्हा गेला होता सांडोरला, एकटा, पावलूमामांना न सांगता. आणि विचारलं. माझ्या मनातला सगळा राग क्षणात कुठे गेला कळलं नाही. मी त्याला पाणी दिलं.

आग्नेल तयार आहे. रोझा लग्नाला येईल, नाताळात आईकडेही येईल. पण एक अट. त्याने दुसरं लग्न केलं तेव्हा पोर तीन वर्षांची होती. ती नव्या बाईलाच आपली आई समजते. कबरीवर फुलं घालते ती वडिलांच्या कोणा नातेवाइकाची म्हणून. मोठी झाल्यावर आम्ही सांगू, म्हणतो. तोवर नंदाखालच्यांनी सिल्वीचं नाव काढायचं नाही. ग्रेटाकडचे पाहुणे म्हणून भेटायचं.

“वाईट माणूस नाही गो तो,” दादा म्हणाला. “रडत होता. उद्या सकाळपर्यंत कळवायचंय.”

मला ओरडायचं होतं. आम्हीच सिल्वीला पुरायचं, परत एकदा? आणि दुसरीकडे वाटत होतं, हो म्हण, हो म्हण, काही का असेना, ती इथे या अंगणात येईल.

दोघांनी आईकडे पाहिलं. निर्णय तिचा, हे न बोलता ठरलेलं. तिने फ्रॉकच्या बाहीला शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला, कापड मांडीवर सारखं केलं.

“येऊ दे तिला,” म्हणाली. मग दादाचा हात धरून, “पण बाबा, तिने विचारलं तुम्ही कोण, तर मी काय सांगू?”

दादा अजून बाहेर ओट्यावर बसलाय. मी आत हे लिहितेय.